आकडेवारी ताजी कोणी करायची?

प्रश्न : आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये रोज रात्री नवा डेटा भरला जातो आणि सकाळी क्वेरी रेंगाळतात. ॲनलाइज कोडमधून चालवावे, की ऑटोव्हॅक्यूमवर सोडावे?
– एक वाचक, कोलकाता

उत्तर : कोडमधूनच चालवा, डेटा भरून होताच. मूळ सेटिंगनुसार ऑटोव्हॅक्यूम टेबलातील 10 टक्के अधिक 50 ओळी बदलल्याशिवाय आकडेवारी ताजी करत नाही. एक कोटी ओळींच्या टेबलात तुमच्या 2 लाख नव्या ओळी त्याच्या खिजगणतीतही नसतात. कालच्या तारखेचा मागमूस नसल्याने प्लॅनर मोजक्याच ओळी गृहीत धरतो आणि चुकीचा जॉइन निवडतो. तात्पुरत्या टेबलांना तर ऑटोव्हॅक्यूम हातच लावू शकत नाही.

एवढे मोठे टेबल रोज तपासणे परवडेल का, अशी शंका येईल. पण ॲनलाइज सगळे टेबल वाचत नाही. मूळ सेटिंगमध्ये 30,000 ओळींचा नमुना घेते, वाचन-लेखनही अडवत नाही. नमुन्यावर विश्वास कसा ठेवायचा? तुमच्याच शहरात 1931 मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापणाऱ्या महालनोबिसांनी 1937 पासून बंगालमधल्या तागाच्या पिकाचा अंदाज शेतन्‌शेत न मोजता, नमुना पाहणीतूनच बांधला. मात्र नमुना पुरेसा हवा. एखाद्या स्तंभात मूल्यांची विभागणी फार विषम असेल, तर तेवढ्याच स्तंभाचे स्टॅटिस्टिक्स टार्गेट 100 वरून वाढवा. शहर आणि पिनकोड असे परस्परावलंबी स्तंभ असतील, तर आवृत्ती 10 पासून मिळणारी विस्तारित आकडेवारी तयार करा. हे सारे मायग्रेशनच्या फायलीत लिहा. हाताने केलेला बदल नव्या सर्व्हरवर पोहोचत नाही.

बदलाआधी आणि नंतर एक्सप्लेन ॲनलाइजमधल्या अंदाजित आणि प्रत्यक्ष ओळी ताडून पाहा.