हिरडीचा बांध

किडलेला दात पडतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण न किडलेला दातही पडतो. आमचे खालचे दोन दात असेच गेले.

दात हाडाच्या खोबणीत बसलेला असतो. वरून हिरडी त्याला धरते. हिरडीच्या आतल्या अंगाला एक नाजूक कातडी असते. ती दाताला चिकटून असते. शेताला जसा बांध, तशी ही कातडी. तोंडातल्या जंतूंना ती आत शिरू देत नाही. ती झिजते आणि थोड्या दिवसांत पुन्हा नवी होते.

दात नीट घासले नाहीत तर मुळाशी चिकट थर साचतो. त्यात असंख्य जंतू असतात. हिरडी त्यांच्याशी झगडते. या झगड्यात ती सुजते, आणि आतली कातडी फाटते. बांधाला खेकड्याने बीळ पाडावे, तसेच हे! चांगल्या हिरडीची फट फार तर ३ मिलिमीटर खोल, ज्वारीच्या दाण्याहून कमी. रोग बळावला की ती ६ मिलिमीटर किंवा जास्तच होते. तिथे दातवण पोचत नाही, ब्रशही नाही. खालचे हाड झिजते. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही. मग दात हलतो.

घासताना रक्त येते ते या फाटक्या कातडीतून. आम्ही रक्त पाहून घासणेच सोडले. तिथेच चुकलो! घासायचेच, पण हलक्या हाताने. आठ-दहा दिवसांत रक्त थांबले नाही तर दंतवैद्याकडे जावे. तो किटण काढून देतो.

विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून मात्र रक्त कमी येते. त्याला वाटते, आपले ठीक आहे. आत हाड झिजतच असते. त्याने रक्ताची वाट न पाहता हिरड्या दाखवाव्यात.