खटका अडला की तेलाची कुपी आधी बाजूला ठेवा

जुन्या गाडीचं दार नीट लागेना किंवा उघडेना, की बहुतेकांचा हात तेलाच्या कुपीकडे जातो, नाहीतर स्प्रेच्या डब्याकडे. हैदराबादच्या कुकटपल्लीत कुणी पद्मिनी जपतं, कुणी अँबॅसेडर, कुणी हेराल्ड. या सगळ्यांना माझं पहिलं सांगणं एवढंच की तो हात आवरा. दाराचा खटका अडतो तो बहुधा तेल कमी पडलं म्हणून नव्हे. वर्षानुवर्षं घातलेलं तेल आत साठून घट्ट झालं म्हणून अडतो, आणि त्याखालोखाल दार आपल्या जागी बसत नाही म्हणून. ही दोन कारणं सोडून भलतीकडे खर्च केला, तर आज सुटलेला खटका काही महिन्यांत पुन्हा अडेल आणि कदाचित जाता जाता स्प्रिंगही घेऊन जाईल.

ग्रीस म्हणजे काय ते आधी पाहू. लिथियम किंवा कॅल्शियमच्या साबणात धरून ठेवलेलं ते तेल असतं. काळ गेला, ऊन लागलं की त्यातलं तेल उडतं, काही हवेशी संयोग पावून चिकट होतं, आणि मागे उरतो तो साबणाचा गाळ. त्यात कुकटपल्लीची धूळ मिसळते. जुना मुंबई हायवे, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ६५, इथूनच जातो. बांधकामं संपत नाहीत. आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. अशा दाराचं लॉक उघडून पाहिलं तर आत काळपट, मेणासारखा थर बसलेला दिसतो. स्ट्रायकरला, म्हणजे दाराच्या खांबावरच्या खुंटीला, पकडणारा आकडा आणि त्या आकड्याला अडवणारी खीळ यांच्यामध्ये नेमका तोच असतो. खीळ परत जागेवर जायला उशीर लावते आणि आपण म्हणतो, लॉक गेलं. लॉक गेलेलं नसतं, ते चिखलात रुतलेलं असतं.

यावर हमखास ऐकू येतं, ‘डब्ल्यूडी-४० मारलं की लगेच सुटतं की!’ सुटतं, हे खरंच. पण ते का सुटतं ते समजून घ्या. १९५३ साली हे रसायन बनलं ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर ते वापरलं गेलं. त्यातला पातळ द्रावक जुना गाळ थोडा वेळ सैल करतो. मग तो उडून जातो आणि तेलाचा पातळ पापुद्रा तेवढा राहतो. सैल झालेला गाळ तिथेच असतो, फक्त आणखी आतल्या फटीत सरकलेला. वर ओलसर पापुद्र्यावर नवी धूळ बसते. गंजलेला स्क्रू सोडवायला हा डबा जवळ ठेवावा, पण खटक्याचं वंगण म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये. किल्लीच्या भोकात तर तेल नकोच. तिथे कोरडी ग्रॅफाइट पूड.

मग करायचं काय? दाराचं आतलं पॅड काढा. त्यामागचा प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा पडदा न फाडता सोडवा, कारण खिडकीतून उतरणारं पाणी पॅडपासून दूर ठेवण्याचं काम तोच करतो. हँडलपासून लॉककडे जाणाऱ्या दांड्या कुठल्या भोकात होत्या त्याचे फोटो घ्या. दाराच्या कडेचे स्क्रू जुनाट असतील तर साध्या पेचकसानं त्यांची डोकी खाऊन टाकू नका, इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. लॉक बाहेर आलं की रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. रॉकेल मिळणं हल्ली मुश्कील, तेव्हा रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालेल; मात्र विस्तवापासून लांब आणि उघड्या हवेत. सकाळी टूथब्रशनं घासा. पाणी काळं यायचं थांबेपर्यंत घासा, इथे कंटाळा नको. पूर्ण वाळल्यावर आकडा पेचकसानं ढकलून पाहा. दोन टप्प्यांच्या लॉकमध्ये दोन स्वच्छ ‘टक’ ऐकू यायला हवेत, आणि हँडल ओढताच आकडा एका झटक्यात मोकळा व्हायला हवा. झाला, तर घासणाऱ्या जागांवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा बोटभर लेप पुरे. नाही झाला, तर स्प्रिंग थकली आहे किंवा दात झिजले आहेत. एक गोष्ट मात्र विसरू नका: दार उघडं असताना आकडा बंद करून पाहिला, तर तो हँडलनं मोकळा केल्याशिवाय दार लोटू नका. बंद आकडा स्ट्रायकरवर आदळला की चांगलं लॉक तिथल्या तिथे वाकतं.

आता दुसरं कारण. उघड्या दाराची मागची कड धरून वर उचला. ती हलली तर दोष बिजागरीच्या पिनेत आहे आणि दार खाली झुकलेलं आहे. अशा वेळी लोक स्ट्रायकर कानशीनं घासून खाली करतात. हा उपाय मला अजिबात मान्य नाही. घासलेला धातू परत येत नाही, आणि पिन बदलली की तोच स्ट्रायकर चुकीच्या उंचीवर राहतो. शेजारच्या बालानगरमध्ये लेथची कितीतरी वर्कशॉप्स आहेत. पिन आणि बुश तिथे करून घेता येतात. त्यानंतर स्ट्रायकरभोवती पेन्सिलीनं रेघ मारून तो सैल करा, खडू लावा, दार हलकेच लोटा आणि खूण कुठे उमटते ते पाहून सरकवा. नवं रबर लावल्यावर दार घट्ट झालं असेल, तर दारात कागदाची पट्टी धरून ओढून पाहा. एकाच बाजूला ती निघेनाशी झाली तर रबर जाड आहे, लॉकचा काही दोष नाही. रबराला सिलिकॉन लावा, ग्रीस नको. ग्रीसनं ते फुगतं. दाराच्या तळाची पाणी निथळायची भोकंही तारेनं मोकळी करून घ्या.

‘जुन्या गाडीचं मूळपण बिघडेल,’ असा एक आक्षेप असतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पद्मिनी हे नाव १९७४चं, म्हणजे तिच्या पहिल्या गाड्या आता त्या वयात आल्या. पण नियमाला हरकत आहे ती चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल करण्याला. लॉक धुऊन परत बसवल्यानं काहीच बदलत नाही. उलट नव्या गाडीचं लॉक बसवायला खांबाचा पत्रा कापून वेल्डिंग केलं, तर मूळपणाला धक्का तिथे लागतो.

‘गाडी वर्षातून दोनदाच बाहेर निघते, एवढी उठाठेव कशाला,’ असंही म्हणतात. उभी गाडीच जास्त अडते, हे एक. दुसरं, खटका ही सोयीची वस्तू नाही. अपघातात दार उघडून माणूस बाहेर फेकला जाणं किती घातक असतं हे कळल्यावर अमेरिकेनं १ जानेवारी १९६८पासून दारांच्या लॉकसाठी वेगळं मानकच लागू केलं. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांना सीटबेल्टही नाहीत. आणि ‘डुक्कर फियाट’ची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली; अर्धवट लागलेलं असं दार चालत्या गाडीत वाऱ्यानं सरळ उघडतं. म्हणून दात झिजलेलं लॉक घासूनपुसून परत बसवू नका. राणीगंजच्या स्पेअर पार्टच्या बाजारात शोधा, नाहीतर मुंबईतल्या जुन्या पार्टवाल्यांकडे. ते मिळेपर्यंत त्या दाराशेजारी कुणाला, विशेषतः लहान मुलाला, बसवू नका.