शून्यसुद्धा लिहायचं

फुलपाखरं मोजायला मुलांना नेणार म्हणालीस ना पोरी, मग एवढं ऐक. लांबच्या रानात जाऊ नकोस. शाळेच्या कुंपणापासून ओढ्यापर्यंतची वाट धर, आणि वर्षभर तीच ठेव. आठवड्यातून एकदा, चांगलं ऊन पडल्यावर निघायचं. अंग तापल्याशिवाय फुलपाखरू उडत नाही. सकाळी सातला गेलात तर मुलं हिरमुसून परततील.

एका लयीत, सावकाश चालायचं. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, समोर पाच मीटर, एवढ्यातलंच मोजायचं. इंग्लंडात अर्नेस्ट पोलार्ड यांनी ही रीत बसवली, आणि १९७६ पासून तिथली मोजणी तशीच चालू आहे. मुलांना हे जड जातं. त्यात नीलवंत दिसला की विचारूच नको! २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं, तेव्हा त्याचं कौतुक असणारच. पण तो वीस पावलांवर असेल तर मोजणीत धरायचा नाही. मागच्या पानावर ‘वाटेबाहेर’ म्हणून लिहू दे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने एप्रिलमध्ये आदल्या आठवड्याचेच आकडे उतरवून आणले होते. मी फार रागावले. नंतर कळलं, वाटेवर एकही फुलपाखरू नव्हतं आणि रिकामं पान दाखवलं तर कामचुकार म्हणतील, अशी त्याला भीती होती. चूक माझी होती. शून्य हाही आकडाच, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तू पहिल्याच दिवशी सांग.

नाव येत नसेल तर ‘लहान, पिवळं, गवतालगत’ एवढंच लिहू दे. अंदाजाने नाव ठोकायचं नाही. प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी यांत मोठीही माणसं फसतात. मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर टायगर. तिच्या पंखावर कडेला एकच असतो.

आणि शाळेत कढीपत्ता लाव. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर झटकू नका, ती लाइम बटरफ्लायची अळी असेल. मोठी झाली की हिरवीगार होते. हलकेच काडी लावली तर डोक्यामागून लालसर शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. ते एकदा पाहिलेलं मूल दुसऱ्या दिवशी घंटेआधी झाडापाशी हजर असतं.

वही त्यांच्याच हातात राहू दे. अक्षर कसंही असो, तू पुन्हा लिहून काढू नकोस.