पक्के दात डाग घेऊनच येतात तेव्हा

‘डॉक्टर, रोज दोन वेळा ब्रश करून घेते, तरी नव्या दातांवर हे पिवळे डाग कुठून आले?’ सहा-सात वर्षांच्या मुलांच्या आया हे हमखास विचारतात. तोवर मुलाने घरी बोलणी खाल्लेली असतात, आणि बऱ्याचदा विनाकारण. दात तोंडात दिसण्याच्या कितीतरी आधी हा डाग पडलेला असतो.

इनॅमल म्हणजे दातावरचं बाहेरचं कवच. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने ९५ टक्क्यांहून जास्त भाग खनिजाचा, पण जाडी दाढेच्या टोकांवरसुद्धा जेमतेम अडीच मिलिमीटर. जबड्याच्या आत काही पेशी आधी प्रथिनांचा साचा घालतात, मग त्यात खनिज भरत जातात आणि प्रथिनं काढून टाकतात. दात बाहेर आला की या पेशी उरतच नाहीत. मोडलेलं हाड जुळून येतं, उडालेलं इनॅमल पुन्हा तयार होत नाही.

आता काळ बघा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिचं इनॅमल घडायला लागतं जन्माच्या सुमारास, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत काम आटोपतं. या काळात खनिज नीट भरलं गेलं नाही, तर दाढ आकाराने पूर्ण पण आतून ठिसूळ अशी येते. त्यावर खडूसारखा पांढरा, पिवळा किंवा तपकिरी, कडा स्पष्ट असलेला चट्टा दिसतो. कधी एका बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला नसतो. कधी पुढच्या दातांवरही असतो. याचं एकच एक कारण सांगता येत नाही. लहानपणीच्या आजारपणांशी संबंध दिसतो, थोडा भाग आनुवंशिकतेचाही असतो.

अशी दाढ गार पाण्याने ठणकते. मग मूल त्या बाजूला ब्रश लावू देत नाही आणि कीड लवकर लागते. त्यातून ही दाढ येताना कोणताच दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजून ‘पडेल की’ म्हणत सोडून दिली जाते. कृपा करून तसं करू नका. ती आयुष्यभराची आहे. लवकर दाखवली तर फ्लोराइडचा लेप, सीलंट किंवा टोपी घालून वाचवता येते.

दोन्हीकडच्या दातांवर सारखेच पांढुरके पट्टे किंवा तपकिरी झाक असेल, तर संशय पाण्यावर घ्यावा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या, आणि फ्लोराइड जास्त निघालं तर निदान आठ वर्षांखालच्या मुलांसाठी दुसरं पाणी वापरा.

याचा अर्थ फ्लोराइडची पेस्ट फेकून द्या असा नाही. कीड रोखायला ती लागतेच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. आणि मूल ती गिळत नाही ना, हे बघायला जवळ उभं राहा. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, ती विक्रीसाठी.

डाग घालवायला कोळसा, मीठ, लिंबू-सोडा किंवा मिशरी घासू नका. डाग इनॅमलच्या आत असतो. घासून झिजतं ते इनॅमल, आणि मिशरीत तर तंबाखूच असते. फिकट डाग मोठेपणी दंतवैद्याकडे बरेच कमी करता येतात, त्याची घाई नाही. घाई करायची ती ठणकणाऱ्या दाढेसाठी. आज रात्री ब्रशच्या वेळी मोबाइलचा टॉर्च लावून मुलाच्या वरच्या-खालच्या चारही पहिल्या पक्क्या दाढा बघा, आणि चट्टा किंवा टवका दिसला तर याच आठवड्यात दाखवा.