वाटणीच्या दाव्याचा खर्च : आधी खतावणी, मग वकीलपत्र

व्यापारी बंधूंनो, समजा वालिद वारले. आई, आजी-आजोबा हयात नाहीत. मागे तीन मुलगे, एक मुलगी आणि 70 लाखांचे दुकान. कर्ज-वसियत नसेल तर शरियतप्रमाणे सात हिस्से : प्रत्येक भावाचे 20 लाख, बहिणीचे 10. महाराष्ट्रात वाटणीच्या दाव्याची कोर्ट फी साधारणपणे मागणाऱ्याच्या हिश्श्यावर लागते, पुऱ्या 70 लाखांवर नव्हे. बहिणीला 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. उत्पन्नाची अट नाही. हे भाऊ सहसा विसरतात!

आम्ही पाहतो, लोक फी आणि वकील एवढेच धरतात. पण पहिल्या हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात. पुढे कोर्ट कमिशनर, मोजणी, अंतिम हुकूमनाम्याचा स्टॅम्प. अपील झाले तर फी पुन्हा. दहा फुटी गाळ्याचे सात तुकडे होत नाहीत, तेव्हा 1893 च्या वाटणी कायद्याने विक्रीची पाळी येऊ शकते. म्हणून वकिलाला टप्प्याटप्प्याचा आकडा विचारून लिहून घ्यावा. शटर बंद राहिल्याचा तोटा मात्र आपणच खतावणीतून काढावा.

दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. कमिशनरवर झालेला खर्च परत येत नाही.