मुंग्यांची रांग पुसण्याआधी

ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की हात आपोआप फवाऱ्याच्या डब्याकडे नाहीतर खडूकडे जातो. माझा आक्षेप या पहिल्याच हालचालीला आहे. फवारा मारला की समोरच्या मुंग्या मिनिटभरात मरतात, काम झाल्यासारखं वाटतं आणि काही दिवसांनी रांग दुसऱ्या भिंतीवरून उतरू लागते. याचं कारण वसाहतीच्या रचनेत आहे. अन्न शोधायला बाहेर पडणाऱ्या कामकरी मुंग्या हा वसाहतीचा लहानसा भाग असतो, आणि त्याही बहुतेक वय झालेल्या असतात. राणी, अंडी, अळ्या आणि त्यांची निगा राखणाऱ्या तरुण मुंग्या फरशीखाली, टाइलमागच्या पोकळीत, स्विचबोर्डाच्या आत किंवा गॅलरीतल्या कुंडीत सुखरूप असतात. बाहेर गेलेल्यांपैकी काही मेल्या तर ते नुकसान वसाहत सहज सोसते, कारण राणीचं अंडी घालणं थांबलेलं नसतं. आपण मारतो ते फक्त दिसणारं. येण्याच्या मुळाला धक्काही लागत नाही.

काही जातींच्या बाबतीत तर फवाऱ्याने उपद्रव वाढतो. जेमतेम दोन मिलिमीटरची, पिवळसर रंगाची फारो मुंगी हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. वास जाणवून मुंग्या दूर पळतील अशी फवारणी झाली की वसाहत फुटते. कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलून नव्या पोकळीत जातात, सोबत राणी नसली तरी अळ्यांमधून नवी राणी वाढवतात. स्वयंपाकघरातला त्रास मग बेडरूममध्ये आणि शेजारच्या फ्लॅटमध्येही सुरू होतो. काळसर डोक्याची आणि फिकट, जवळजवळ पारदर्शक पोटाची जी बारीक मुंगी आपल्या घरांतून सर्रास दिसते, तिच्याही वसाहतीत अनेक राण्या असतात आणि तीही अशीच फुटून पसरते.

म्हणून रांग दिसली की आधी दहा मिनिटं ती नुसती पाहावी, असा माझा आग्रह आहे. ती रांग म्हणजे वासाने आखलेली वाट असते. अग्निमुंग्या पोटातल्या एका ग्रंथीतून हा वास जमिनीवर सोडतात, हे ई. ओ. विल्सन या शास्त्रज्ञाने 1959 मध्ये दाखवून दिलं. अन्न घेऊन परतणारी प्रत्येक मुंगी वाट अधिक पक्की करते. अन्न संपलं की वास उडून जातो आणि वाट मोडते. रांगेचं एक टोक आपल्या घरातली चूक दाखवतं: गुळाच्या डब्याचं सैल झाकण, गॅसच्या शेगडीखाली सांडलेलं दूध, तेलाच्या बाटलीचा ओघळ, देवघरात रात्रभर राहिलेला साखरेचा नैवेद्य. दुसरं टोक भेग दाखवतं. रांग घाईने पुसणारा माणूस ही दोन्ही माहिती स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

यापुढचे दोन उपाय खरोखर काम करतात, पण ते एकाच वेळी एका जागी करायचे नसतात. पहिला उपाय वाट मोडण्याचा. अन्न हलवायचं, साबणाच्या पाण्याने किंवा व्हिनेगरने वाट पुसायची आणि भेग व्हाइट सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवायची. नुसत्या झाडूने मुंग्या पांगतात, वास तिथेच राहतो. हळद, लिंबू, कापूर हे घरगुती उपाय याच गटातले. त्यांनी वासात अडथळा येतो आणि थोडा वेळ आडकाठी होते; त्याहून जास्त अपेक्षा त्यांच्याकडून करू नये.

दुसरा उपाय आमिषाचा, आणि रांग रोज येत असेल तर माझ्या मते तोच मुख्य. प्रौढ मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. ती द्रव अन्न पोटातल्या वेगळ्या पिशवीत साठवते आणि वसाहतीत परतल्यावर तोंडाने तोंडाला भरवते. या वाटपातूनच राणीपर्यंत विष पोहोचवता येतं, मात्र ते सावकाश मारणारं हवं. बोरिक पावडर किंवा टाकणखार तसा आहे. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि जास्तीत जास्त 1 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवावी, कापसाचा बोळा त्यात भिजवावा आणि बाटलीच्या झाकणात घालून रांगेच्या कडेला ठेवावा. पावडर जास्त घातली की आमिष नेणारी मुंगी वाटेतच मरते आणि राणी वाचते. पहिले एक-दोन दिवस रांग उलट दाट होते. नेमक्या याच वेळी धीर सुटतो, कुणीतरी फवारा मारतं किंवा ओटा साबणाने धुतं, आणि आमिष न्यायला मुंगीच उरत नाही. आमिष ठेवलं असेल तिथली वाट आठ-पंधरा दिवस मोडू नये. स्वच्छता इतरत्र करावी. साखरेला मुंग्या तोंड लावत नसतील तर त्यांना प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ हवे असण्याची शक्यता आहे. मग तीच पावडर अगदी किंचित, तेलात कालवलेल्या शेंगदाण्याच्या कुटात मिसळून पाहावी.

बोरिक पावडर घरगुती म्हणून निर्धोक, असं समजणं धोक्याचं आहे. कॅरमच्या पटावर टाकायची पावडर अनेकदा हीच असते, त्यामुळे तिची भीती वाटेनाशी झाली आहे. लहान मुलाच्या पोटात गेली तर ती विषच. मुंग्यांच्या खडूबद्दल तर अधिक कठोर बोललं पाहिजे. त्यात सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं आणि दिसायला तो शाळेतल्या खडूसारखाच असतो. मुलं तो चुकून तोंडात घालतात म्हणून अमेरिकेत पर्यावरण संरक्षण खात्याने अशा खडूपासून सावध राहण्याचा इशारा दिला आहे. तिथे तो विकणं बेकायदा आहे. आपल्याकडे त्याच्या रेघा जेवणाच्या टेबलाखाली आणि पाळण्याच्या पायांभोवती ओढल्या जातात. हे थांबायला हवं.

मुंगीला साखर घालणाऱ्या संस्कृतीत मुंगी मारायची कशाला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मुंग्या माती भुसभुशीत करतात, मेलेले किडे उचलून नेतात, वाळवीही खातात. अंगणातल्या, झाडाखालच्या मुंग्यांना हात लावण्याचं कारण नाही, आणि पीठ-साखर घालायची तर तिथेच घालावी. पण मुंगी निरुपद्रवीच असते, हे म्हणणं टिकत नाही. फारो मुंग्या रुग्णालयांत रोगजंतू वाहून नेतात, हे 1972 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं होतं. ज्या घरात तान्हं मूल आहे किंवा उघडी जखम असलेला रुग्ण अंथरुणावर आहे, तिथे दुर्लक्ष परवडत नाही. बहुतेक घरांत मात्र वाट मोडणं आणि अन्न झाकणं पुरतं. मारण्याची वेळ येत नाही.

परातीत पाणी घालून त्यात दुधाचं पातेलं ठेवण्याची जुनी रीत मला आजही उत्तम वाटते. पाण्यावर धुळीची साय धरली तर मुंग्या तीवरून पलीकडे जातात, म्हणून साबणाचा एक थेंब टाकावा. कपाटाच्या पायांखालच्या वाट्यांतलं पाणी मात्र आठवड्याच्या आत बदलावं, वाट्या घासाव्यात; डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

घर लख्ख असूनही मुंग्या येतात, ही तक्रार खरी असते. अशा वेळी गॅलरीतल्या जास्वंदीची पानं उलटून पाहावीत. पिठ्या ढेकूण आणि मावा झाडाचा रस शोषून गोड चिकट द्राव सोडतात. मुंग्या तो पितात आणि त्या बदल्यात या किडींचं शत्रूंपासून रक्षण करतात. झाडावरची कीड काढल्याशिवाय घरातली रांग थांबत नाही. नाहीतर सिंकखालचा गळका नळ पाहावा, कारण उन्हाळ्यात मुंग्या पाण्यासाठीही आत येतात.

पावसाळ्यात जमिनीतली वारुळं भिजली की मुंग्या कोरडी जागा शोधत घरात शिरतात. म्हणून भेगा बुजवण्याचं, पाइपांभोवतीची भोकं बंद करण्याचं आणि कुंड्या भिंतीपासून दूर सरकवण्याचं काम मे महिन्यातच उरकून घ्या. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावणार असाल तर फवारणी करणार की जेलचं आमिष लावणार, हे आधी विचारा. नुसती फवारणी म्हणाला तर दुसरा शोधा.