डाळिंबाचे बोन्साय: बागेतला ताण कुंडीत नको

आटपाडी, जत, माण, खटाव या पट्ट्यात डाळिंब कोणाला शिकवावे लागत नाही. फुले, फळे आणि पीळदार खोड एकाच झाडात मिळत असल्याने बोन्सायसाठीही ते सोयीचे आहे. जपानी बोन्सायमध्ये लहान फळांच्या जंगली सफरचंदाला मान आहे, पण त्याला लागणारी हिवाळी थंडी आपल्या दुष्काळी तालुक्यांत मिळत नाही. ती हौस इथे डाळिंबावर भागते.

मात्र बागायतदाराची एक सवय कुंडीत अंगाशी येते. बहार धरताना आपण पाणी तोडतो, पानगळ करतो, मग पाणी सोडतो. जमिनीत पसरलेली मुळे आणि काडीतला अन्नसाठा यांच्या जोरावर बागेतले झाड ते सोसते. दोन-तीन इंच खोल कुंडीतल्या कोवळे रोप वैशाखात एका दिवसात कोरडे पडते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे ताण देऊ नये, बहारही धरू नये. आलेली फुले खुडावीत.

पाणी केव्हा व किती

घड्याळ पाहून पाणी देऊ नका, वाफसा पाहा. जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी मातीत इंचभर खोचून दहा मिनिटांनी काढा. ओली निघाली तर थांबा, जेमतेम ओलसर असेल तर पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये आटपाडी-जतसारख्या दुष्काळी भागात बहुधा सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. शिराळा, पाटण, जावळीकडे अनेकदा एकदाच पुरते.

बारीक छिद्रांच्या झारीने तळातून पाणी निथळेपर्यंत द्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा द्या. माती पार वाळून कडेने सुटली असेल, तर वरून दिलेले पाणी फटीतून निघून जाते. अशी कुंडी काठापर्यंत पाण्यात ठेवून बुडबुडे थांबले की काढावी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर दिसू लागला, तर तो क्षार आहे. महिन्यातून एकदा पावसाचे साठवलेले किंवा टेंभू-म्हैसाळच्या कालव्याचे पाणी भरपूर देऊन माती धुऊन काढावी.

माती आणि जागा

काळी माती पाणी धरून ठेवते व वाळली की भेगाळते. ती वापरू नये. दोन भाग विटांचा चाळलेला चुरा, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. धूळ चाळून टाकावी.

डाळिंबाला ऊन हवेच, पण तापलेल्या स्लॅबवर कुंडी ठेवल्यास मुळे भाजतात. ती बाकावर किंवा विटांवर ठेवावी. दुपारी बारा ते चार ५० टक्क्यांच्या शेडनेटची सावली द्यावी.

छाटणी, खत, कीड

बुंध्यातून येणारे फुटवे लगेच काढावेत. शेंडे खुडत राहिल्यास झाड दाट होते. जुनी फांदी वाकवताना मोडते, म्हणून तार कोवळ्या फांदीलाच बांधावी आणि ती सालीत रुतण्याआधी कापून काढावी. कुंडी बदलण्याचे व मुळे छाटण्याचे काम उन्हाळ्यात नको. जानेवारीअखेर, नवी पालवी फुटण्याआधी करावे.

कडक उन्हात आणि कोरड्या मातीत खत देऊ नये. जूनपासून दर पंधरा दिवसांनी पातळ शेणखताचे पाणी पुरते. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. तेल्या किंवा मर असलेल्या बागेतली गुटी आणू नये. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावी.

फळ धरताना

कुंडीत पाने लहान होतात, फळ मात्र फारसे लहान होत नाही. ‘भगवा’ जातीचे फळ बारीक फांदीला झेपत नाही. फळांची हौस असेल तर रोपवाटिकेतून बुटक्या जातीचे डाळिंब घ्यावे. फळ धरल्यावर पाण्यात खंड पडू देऊ नये. वाळलेल्या कुंडीला एकदम भरपूर पाणी मिळाले की फळ तडकते.

पावसाळ्याची तयारी

जूनआधी कुंडीची छिद्रे मोकळी करून घ्यावीत. महाबळेश्वर, पाटणकडच्या संततधारेत कुंडी पत्र्याच्या आडोशाला ठेवावी. माण-जतकडे ढग आले म्हणून पाणी बंद करू नये. पाऊस झाल्यावरही काडी खोचून ओल पाहावी आणि मगच त्या दिवसाचे पाणी चुकवावे.